स्वस्त टायर की महाग टायर: एकाच गाडीवरचा 88,000 किलोमीटरचा अनुभव

2017 साली घेतलेली आमची डिझायर आतापर्यंत टायरच्या तीन सेटवर चालली आहे. गाडीबरोबर आलेले टायर 2020 च्या फेब्रुवारीत बदलले, तेव्हा दुकानात जे सर्वांत स्वस्त होते तेच बसवले आणि त्यांवर गाडी 48,000 किलोमीटर धावली. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी महाग श्रेणीतले चार टायर आले आणि त्यांवर आजवर 40,000 किलोमीटर झाले आहेत. गाडी तीच, चालवणारा मीच आणि रस्तेही बहुतांश तेच, म्हणजे नागपुरात मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसीला रोजची ये-जा आणि मुलगी नाशिकला शिकत असल्यामुळे दीड-दोन महिन्यांतून एकदा समृद्धी महामार्गावरची लांबची फेरी. टायर घ्यायला निघालेल्या माणसाला हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

दोन्ही सेट कोणत्या कंपन्यांचे होते ते मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण कंपनीच्या नावावरून स्वस्त-महाग ठरवणे हीच या खरेदीतली पहिली चूक आहे. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. सिएटची मिलेझ ही मालिका टायर जास्त किलोमीटर टिकावा म्हणून बनवलेली आहे, तर त्याच सिएटची सिक्युराड्राइव्ह पकड आणि नियंत्रण डोळ्यांसमोर ठेवून. अपोलोमध्ये अमेझर आणि अल्नॅक, गुडइयरमध्ये ड्युराप्लस आणि अ‍ॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स, ब्रिजस्टोनमध्ये स्टर्डो आणि तुरान्झा अशीच विभागणी दिसते. त्यामुळे ‘अमुक कंपनीचा टायर द्या’ एवढेच सांगणारा ग्राहक दुकानदाराला जे खपवायचे आहे ते घेऊन घरी जातो. शिवाय, स्वस्त म्हणजे चिनी, हा समजही आता जुना झाला आहे. 2020 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून मोटारीच्या स्वस्त टायरमध्ये भारतात बनलेला मालच प्रामुख्याने दिसतो आणि त्यावर आयएस 15633 हा क्रमांक व आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. साधा टायर हा बेभरवशाचा टायर नसतो, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

2020 मध्ये मात्र मी स्वतःच एका गोष्टीत फसलो. मापाचे 185/65 आर 15 हे आकडे मी पाहिले, भाव ठरवला, प्रत्येकी 4,300 रुपये दिले आणि चारही टायर बसवून घरी आलो. दोन महिन्यांनी टाळेबंदीत गाडी अंगणात उभी असताना एका दुपारी टायर पुसत बसलो होतो, तेव्हा बाजूच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत कोरलेले चार अंक नीट वाचले. तीन टायरांवर 4519 होते, म्हणजे 2019 चा पंचेचाळिसावा आठवडा. चौथ्यावर 3117 होते. तो टायर 2017 च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला होता, म्हणजे मी विकत घेतला तेव्हाच अडीच वर्षे जुना होता. दुकानदाराकडे गेल्यावर त्याने ‘माल तोच आहे, रबराला काय होतं’ असे सांगून बोळवण केली. रबराला पुष्कळ काही होते. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांमुळे न वापरलेला टायरही हळूहळू कडक होत जातो, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या शहरात पत्र्याच्या गोदामात दोन उन्हाळे काढलेला टायर नवा म्हणवत नाही. तेव्हापासून मी टायर रिमवर चढण्यापूर्वी चारही टायर जमिनीवर ठेवून ते अंक वाचतो, आणि सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर नाकारतो.

त्या सेटचे गुणही सांगायलाच हवेत. साडेतीन वर्षांत दोनच पंक्चर झाले. बाजूची भिंत चांगली टणक होती. शहरात सिमेंट रस्त्यांची कामे चालू असताना नव्या रस्त्याच्या कडेला जी अर्धा फूट उंच पायरी तयार होते, तिच्यावरून गाडी कितीतरी वेळा चढली-उतरली, पण फुगा म्हणून कधी आला नाही. झीज तर इतकी सावकाश झाली की 48,000 किलोमीटरनंतरही खाचांची खोली 3 मिलिमीटर शिल्लक होती. नव्या टायरमध्ये ती साधारण 8 मिलिमीटर असते आणि कायद्याने 1.6 मिलिमीटरपर्यंत टायर वापरता येतो. फक्त झिजेचाच हिशेब केला असता, तर तो सेट मी आणखी वर्षभर चालवला असता.

तो बदलावा लागला तो पावसामुळे. 2023 च्या जुलैमध्ये, दोन-तीन दिवसांच्या उघडिपीनंतर संध्याकाळी हलकी सर आली होती आणि मी वर्धा रोडवरच्या दुमजली पुलावरून अजनीच्या बाजूला उतरत होतो. वेग 50 च्या आतच होता. पुढचा ऑटोरिक्षा अचानक थांबला, मी ब्रेक पूर्ण दाबला, ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएसची खडखड पायाला जाणवली आणि गाडी थांबण्याऐवजी घरंगळत पुढे जात राहिली. ऑटोच्या मागच्या सीटवर शाळेचे दप्तर मांडीवर घेऊन बसलेली एक लहान मुलगी मागच्या छोट्या काचेतून माझ्याकडे पाहत होती. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि ऑटो यांच्यात हातभर अंतर उरले होते. काही झाले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढच्याच पंधरवड्यात मी चारही टायर काढले.

न्यायाने बोलायचे तर त्या दिवशी टायर अर्ध्याहून अधिक झिजलेले होते, आणि उघडिपीनंतरची पहिली सर रस्त्यावरचे तेल, धूळ आणि रबराची भुकटी भिजवून निसरडा थर तयार करते, तेव्हा कोणताही टायर थोडा घसरतोच. परंतु तो सेट नवा असतानाही, 2020 च्या पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर एबीएस लवकर जागे होते हे माझ्या लक्षात आले होते. मी तेव्हा त्याकडे दुर्लक्ष केले.

याचे कारण रबराच्या मिश्रणात आहे. टायर जास्त टिकावा म्हणून मिश्रण कडक ठेवले की ते रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात नीट रुतत नाही, आणि कोरड्या रस्त्यावर न जाणवणारी ही उणीव पाण्याच्या पातळ थरावर उघडी पडते. 1992 मध्ये मिशेलिनने मिश्रणात सिलिका वापरलेला टायर बाजारात आणला. तेव्हापासून चांगल्या टायरमध्ये काजळीच्या जोडीने सिलिका वापरण्याची पद्धत रुळली. सिलिकामुळे ओल्या रस्त्यावरची पकड वाढते आणि त्याच वेळी टायर फिरताना वाया जाणारी ऊर्जाही कमी होते, पण मिश्रण करण्याची प्रक्रिया अवघड आणि खर्चिक होते. महाग टायरच्या किमतीतला बराचसा भाग या मिश्रणाचा आणि त्यामागच्या चाचण्यांचा असतो. खाचांचे काम वेगळे. त्या टायरखालचे पाणी बाजूला काढतात, आणि खोली 3 मिलिमीटरच्या खाली गेली की हे काम झपाट्याने मंदावते. म्हणून कायद्याची 1.6 ची मर्यादा मी उन्हाळ्यापुरतीच मानतो. पावसाळ्याच्या तोंडावर 3 मिलिमीटर ही माझी मर्यादा आहे.

नवा सेट घेताना मी नागपूरच्या ‘सदर’ या भागातल्या एका दुकानात गेलो. मालकाने टायर दाखवण्याआधी विचारले, “काका, गाडी वर्षाला किती चालते अन् समृद्धीवर जाता का, एवढं आधी सांगा.” गेल्या पंचवीस वर्षांत टायरच्या दुकानात मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी सांगितल्यावर त्याने स्वस्तातला टायर 5,100 ला आणि ओल्या पकडीसाठी नावाजलेला महाग टायर 6,900 ला सांगितला, आणि दोन्ही जमिनीवर ठेवून अंगठ्याने दाबून पाहायला लावले. दुसऱ्याच्या खाचांमधला ठोकळा किंचित दबत होता, पहिल्याचा जवळजवळ नाही. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे, पण मला फरक कळला.

महाग टायरवर आता तीन पावसाळे झाले आहेत. त्याच पुलावर, त्याच उतारावर, त्याच वेगात ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ रेषेत आणि अपेक्षेइतक्याच अंतरात थांबते. एबीएस क्वचितच मध्ये पडते. छत्रपती चौकाकडे वळताना स्टिअरिंगला रस्ता जाणवतो, आधी ते पावसात हलके आणि पोकळ वाटत असे. सिमेंट रस्त्यावरच्या आडव्या रेघांमुळे होणारी घरघर कमी झाली आहे, इतकी की समृद्धीवर मागे बसलेल्या आईशी आवाज न चढवता बोलता येते. पेट्रोलच्या नोंदवहीत लिटरमागे सुमारे अर्ध्या किलोमीटरची वाढ दिसते, पण याच काळात माझा प्रवास शहरातून महामार्गाकडे सरकला असल्यामुळे त्याचे सगळे श्रेय मी टायरला देणार नाही. ज्यांना हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो त्यांनी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन असलेला टायर मिळतो का, ते विचारावे.

समृद्धीबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण नागपूरकरांच्या दृष्टीने टायरचा प्रश्न 11 डिसेंबर 2022 नंतर बदलला. त्या दिवशी नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि 2025 च्या जूनमध्ये 701 किलोमीटरचा पूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. मोटारींना ताशी 120 ची मर्यादा असलेला, सिग्नल नसलेला हा काँक्रीटचा रस्ता आहे. आपण पूर्वी अमरावती रोडने जायचो तेव्हा कोंढाळीला, तळेगावला वेग उतरायचा, चहाला थांबणे व्हायचे आणि टायरला विसावा मिळायचा. आता तीन-तीन तास टायर एकाच वेगात फिरत राहतो. 80 च्या तुलनेत 120 च्या वेगात गाडीतली गतिज ऊर्जा सव्वादोनपट होते, आणि टायरची भिंत सेकंदाला कितीतरी वेळा वाकून सरळ होत असल्यामुळे आतली उष्णताही वाढत जाते.

इथे टायरच्या दर्जाइतकीच हवा महत्त्वाची आहे, आणि याबाबतीत आपल्याकडे एक घातक गैरसमज आहे. उन्हाळ्यात टायर तापून फुटेल म्हणून समृद्धीवर चढण्यापूर्वी अनेक जण हवा कमी करून घेतात. हवा कमी असलेला टायर जास्त वाकतो, जास्त वाकल्यामुळे जास्त तापतो आणि त्याच तापण्याने फुटतो. गाडीच्या दाराच्या चौकटीवर जो दाब छापलेला आहे, तो टायर थंड असताना मोजायचा असतो. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब एक पौंडाने वाढतो, ही वाढ गृहीत धरूनच तो आकडा ठरवलेला असतो. मे महिन्यात मी सकाळी सहाला घरी 33 पौंड हवा मोजून निघालो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरनंतर थांबून मोजली तेव्हा ती 38 होती. ती तिथे काढून टाकली असती तर पुढचा प्रवास कमी हवेवर झाला असता. नायट्रोजनसाठी आग्रह धरण्याचे मला कारण दिसत नाही. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच, आणि दर पंधरा दिवसांनी दाब मोजण्याची सवय त्याहून कितीतरी मोलाची आहे.

मापाच्या पुढे जे ‘88 एच’ असे लिहिलेले असते तेही याच संदर्भात वाचावे. 88 म्हणजे त्या टायरने 560 किलो भार पेलावा आणि एच म्हणजे ताशी 210 पर्यंतचा वेग. एस असेल तर 180, टी असेल तर 190. समृद्धीवर कोणी 180 ने जायचे नाही, हे उघड आहे, पण वरच्या अक्षराचा टायर जास्त उष्णता सोसून चाचणीत उतरलेला असतो. नियमित महामार्गावर जाणाऱ्याने एच घ्यावा, असे माझे मत आहे.

महाग टायरचा दोष मला 2024 च्या सप्टेंबरमध्ये कळला. हिंगणा रोडवर पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, पुढचे डावे चाक आदळले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर सुपारीएवढा फुगा दिसला. आतले धागे तुटले की असा फुगा येतो. त्याची दुरुस्ती होत नाही आणि त्यावर गाडी चालवणे म्हणजे जिवाशी खेळ. वॉरंटी उत्पादनातल्या दोषाची असते, आदळण्याची नसते, त्यामुळे 7,100 रुपये देऊन एक टायर नवा घ्यावा लागला. आरामासाठी मऊ ठेवलेल्या भिंतीची ही किंमत आहे. ज्यांचे रोजचे जाणे-येणे खोदलेल्या रस्त्यांवरून, ले-आउटमधल्या मुरमाच्या वाटांवरून किंवा शेतावर होते, त्यांनी टणक भिंतीचा साधा टायर घेण्यात काहीही कमीपणा नाही.

आता पैशांचे. महाग सेटचे 27,600 आणि खड्ड्याचे 7,100 मिळून 34,700 रुपये झाले. आजची खोली 4 मिलिमीटर आहे, म्हणजे दर 10,000 किलोमीटरला एक मिलिमीटर गेला आणि 3 मिलिमीटरवर बदलायचे ठरवले तर हा सेट 50,000 किलोमीटर जाईल. किलोमीटरला 69 पैसे पडले. स्वस्त सेट त्याच दिवशी 20,400 ला मिळत होता आणि तो पूर्वीसारखा 48,000 चालला असता तर साडेबेचाळीस पैसे पडले असते. फरक 27 पैशांचा, म्हणजे नागपूरहून शिर्डीपर्यंत सुमारे 140 रुपये. एवढ्या पैशांत चौघांचा तर्री-पोह्यांचा नाश्ताही होत नाही. दुकानात उभे असताना 7,200 रुपयांचा फरक डोळ्यांत भरतो, पण तो तीन वर्षांत विभागला जातो हे तिथे सुचत नाही. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. मूळ किंमत तीच धरली तर 6,900 चा टायर 6,360 च्या आसपास यायला हवा, तेव्हा बिलावर कराचा दर वाचून घ्यावा.

तरीही पत्नीच्या वॅगन-आरला मी गेल्या महिन्यात साधेच टायर घेतले. ती गाडी मानेवाडा ते महाल एवढीच जाते, वर्षाला 4,000 किलोमीटरही होत नाहीत आणि वेग क्वचितच 40 च्या वर जातो. “अहो, तुमच्या गाडीला भारीचे अन् माझ्या गाडीला स्वस्तातले का?” असे तिने विचारले, ते रास्तच होते. तिला मी सांगितले की त्या गाडीचे टायर झिजण्याआधी वयाने म्हातारे होणार आहेत. पाच-सहा वर्षांत 24,000 किलोमीटर झाले तरी खाचा शाबूत असतील आणि रबर मात्र कडक झालेले असेल. तिथे महाग टायर आठ-नऊ वर्षे ओढत बसण्यापेक्षा भारतीय कंपनीचे साधे टायर घ्यावेत आणि ते वेळेवर, म्हणजे सहाव्या वर्षी, बदलावेत. हे तिला पटले, पण टायर बसवताना अंक वाचायला ती स्वतः आली. चारही टायर तीन महिन्यांच्या आतले निघाले.

बसवण्याच्या कामाबद्दल सदरमधल्या त्या दुकानाचे मी मनापासून कौतुक करतो. रिमवरची जुनी वजने काढून नव्याने बॅलन्सिंग केले, व्हॉल्व्ह चारही नवे लावले, नट आधी हाताने आणि मग टॉर्क पान्याने ताऱ्याच्या आकाराच्या क्रमाने आवळले, आणि अलाइनमेंटचा कागद हातात दिला. पुढेमागे फक्त दोनच टायर घ्यायची वेळ आली तर नवे मागच्या चाकांना लावा, असेही मालकाने बजावले. बहुतेक ठिकाणी ते पुढे लावतात, परंतु ओल्या वळणावर मागची पकड सुटली तर सामान्य चालकाला गाडी सावरता येत नाही, त्यामुळे हा सल्ला बरोबर आहे. एवढ्या कामाला सव्वा तास लागला आणि तो लागायलाच हवा.

2023 मध्ये याच दुकानात जुने चार टायर काढले, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या एका माणसाने त्यांचे प्रत्येकी 300 रुपये देऊ केले होते. असे टायर खाचा पुन्हा कोरून, काळा रंग देऊन गरजूंना विकले जातात. मी मालकाकडे धारदार सुरी मागितली आणि 4519 चे तीन व 3117 चा एक अशा चारही टायरांची भिंत एका बाजूने आरपार चिरून मगच ते भंगारात टाकले.